उदेपूरच्या संध्याकाळी उंबर शोधताना

आमच्या घरी संध्याकाळ कवा येते आन् कवा जाते ते बाईमानसाला कळत नाय. कोंबड्या डालायच्या, पानी भरायचं, चूल पेटवायची, देवाजवळ दिवा, पोरीचं अंग पुसायचं, मंग भाकऱ्या, आन् शेवटची भाकरी तव्यावरून निघंस्तोवर काळोख. म्हनून उदेपूरला पयल्या दिवशी संध्याकाळ झाली आन् मला करायला कायच नाय, तवा मी घाबरले. हात कुठं ठेवायचे ते कळंना.

आमच्या बचतगटाला तिथं मेळ्यात टेबल मिळालं होतं. नाचनीचे पापड, कुळथाचं पीठ, मोहाचे लाडू असा माल. आमी तिघीजनी गेलो. एक माज्या नवऱ्याची आत्या, ती गटाची अध्यक्ष, तिला आमी आत्याबाय बोलतो. दुसरी माजी थोरली जाव. तिसरी मी, आन् मी का, तर मी सातवीपर्यंत शाळेत गेलेली, हिंदी थोडी येते, आन् गिऱ्हाइकाचे पैसे मोबाईलवर आले का ते बघता येतं. नायतर मला कोन नेतं. माहेर टोकावड्याला, सासर आटगावपासून आत पाड्यात, मधे शहापूर आन् मुरबाडचा बाजार, एवढंच मी बघितलेलं.

पन जाताना माजा जीव घरीच होता. पोरगी वर्साची होत आली होती आन् दिसायची सहा म्हैन्यांची. जनमलीच बारीक. अंगनवाडीच्या तायनं तिला वजनाच्या झोळीत घातली आन् काट्याकडं बघून मला सांगितलं, "हिचं अंगावरचं तोडू नको, ही त्याच्यावरच धरून हाय." आन् मी चालले होते तिला सोडून. सासू बोलली, "तिथल्या उनात पोर न्यायची नाय. माज्याकडं ऱ्हाईल. पन दूध आटलं तर मंग माज्या नावानं रडू नको." शेजारनी बोलल्या, आठवडाभर पोर अंगावर नाय लागलं की विसरतंच, आन् दूधबी जातं. मी जायचं नाय म्हनून बसले होते. आत्याबाय दारात उभी ऱ्हायली आन् बोलली, "पोरी, दूध राखून आनायची जबाबदारी माजी. तू फक्त चल."

तिनं कसं राखायचं ते आमच्याकडं सगळ्यांना ठावं हाय. पिळलेलं दूध मोरीत टाकायचं नाय, दगडावर नाय, कोनाच्या पायाखाली येईल असं नाय. ते उंबराच्या मुळाशी घालायचं. उंबराची फांदी मोडली की पांढरा चीक येतो, दुधासारखा. त्याला दिलं की तो राखतो. मोरीत गेलं की आटलं. माज्या आयनं असंच केलं, तिच्या आयनंबी. पाड्यात त्याचं काय एवढं नाय, ओहोळावर गेलं की उंबरच उंबर.

उदेपूरला मेळ्याचं फाटक ऊन उतरलं की बंद करायचे. आमी मालावर चादर झाकून धर्मशाळेत आलो. तवर माजी छाती दगडासारखी झाली होती, पोलका पुढून भिजलेला, पदर ओढून ओढून मी आले. मोरीत दार लावून स्टीलच्या पेल्यात पिळलं. दुखलं आन् बरंबी वाटलं, आन् मंग रडूबी आलं, कारन ते तिचं होतं आन् मी पेल्यात काढत होते. खाली बघितलं तर सगळी फरशी आन् कोपऱ्यात जाळी. पेल्यावर वाटी पालथी घालून मी बाहेर आले.

जाव केस विंचरून बसली होती. तिला राजाचा वाडा बघायचा होता, तलावात बोटीत बसायचं होतं. ती बोलली, "चला ना, उजेड हाय तवर. घरी काय सांगायचं, उदेपूरला जाऊन खोली बघितली?"

आत्याबाय बोलली, "आदी उंबर."

"इथं कुठं गो उंबर, आत्याबाय? इथं झाडं कुंडीत असतात."

"मंग कुंडीतलं उंबर शोधू."

अशी आमची फेरी निघाली. पुढं आत्याबाय, तिचं लुगडं गुडघ्याच्या वर कासोट्याचं, मधे मी पदराखाली पेला धरून, मागं जाव, दुकानांत डोकावत. गल्ल्या चढाच्या, खाली सगळी दगडाची फरशी, दोन्ही बाजूंला भिंतींवर हत्ती-घोडे काढलेले. एवढा दगड मी जनमात बघितला नवता. मातीच नाय. एका देवळाजवळ पिंपळ होता, जाव बोलली, घाला इथंच. आत्याबाय बोलली, "पिंपळाला नाय. त्याच्यावर कोन बसलेला असतो ते तुला ठावं हाय." पुढं वड लागला, चांगला मोठा, पारंब्यांचा. वडालाबी चीक असतो, मी बोलले. आत्याबाय थांबली, इचार केला. "वड आपन नवऱ्यासाठी पूजतो. त्याला पोराचं कशाला सांगायचं. त्याला आपलं एकच काम बरं."

जाव हसली. "आन् तेबी नीट करत नाय."

एका चहावाल्याला मी हिंदीत इचारलं. उंबर त्याला कळंना. मंग आत्याबायनं त्याला हातानं दाखवलं, खोडाला लागलेली फळं, फोडली की आत चिलटं. तो बोलला, "अच्छा, गूलर," आन् खाली तलावाकडं बोट केलं.

तलाव तवाच बघितला मी पयल्यांदा. गल्ली वळली आन् समोर पानी, लांबपर्यंत, मधे पांढरा वाडा पान्यातच उभा, मागं डोंगर, आपल्या माहुलीसारखे नाय, बुटके, पन डोंगर बघून बरं वाटलं. घाटाच्या टोकाला एक बारकं देऊळ आन् त्याच्यामागं उंबर. खाली फळं पडलेली, माती ओली. मी खाली बसले, मुळाशी पेला वतला, आत्याबायनं वर माती लोटली, झाडाच्या खोडाला हात लावून तो माज्या कपाळाला लावला. एक गोरी बाय आमचा फोटो काढत होती. जाव तिला बघून नीट उभी ऱ्हायली, पदर सावरून.

तिथं एक म्हातारी बसायची, कबुतरांना घालायला ज्वारी इकायची. तिनं माज्या पदराकडं बघितलं, पेल्याकडं बघितलं आन् बोलली, "घर पे छोड़ के आई?" मी मान हलवली. "लड़की?" मी परत मान हलवली. ती थोडी सरकली, तिच्या गोनपाटावर मला जागा दिली.

मंग रोजचं तेच झालं. फाटक बंद, धर्मशाळा, पेला, गल्ली, घाट. दुसऱ्या संध्याकाळपासून वाट इचारावी लागली नाय. चहावाला लांबनंच "गूलर" करून हाक मारायचा. आत्याबाय पायऱ्यांवर बसून पाय पान्यात सोडायची आन् जावंला पायाच्या भेगा दाखवायची. जाव बोटी मोजायची, कोनत्या बाईनं काय नेसलंय ते सांगायची. आन् मी म्हातारीजवळ बसून पान्यावरचा उजेड बदलताना बघायची. पिवळा, मंग तांबडा, मंग राखेसारखा. घरीबी उजेड असाच बदलत असंल रोज, पन तवा माजं तोंड चुलीकडं असतं. आज पोरगी बालवाडीत जाते, पाटी फोडते, तरी संध्याकाळी चुलीत फुंकर घालताना मला तो घाट दिसतो. आमी तिघी तशा नुसत्या बसलेल्या परत कवाच नाय बसलो.

पन तवा त्या बसन्यात भ्यावसुद्धा होतं. नवरा गोदामातल्या कामावरून आला की सासूला आन् पोरीला घेऊन चिंचेखाली यायचा, आमच्याकडं रेंज तिथंच, आन् व्हिडिओ लावायचा. पोरगी मोबाईलकडं बघायची आन् तोंड फिरवायची. सासू बोलायची, "पेज पिते, तुजी आठवनसुद्धा काढत नाय. खुशाल फिर." तिनं मला बरं वाटावं म्हनून बोललं असंल. मला ते खरंच वाटायचं.

एका संध्याकाळी जावंनं हट्टच केला. बोटी उजेड हाय तवर सुटतात, आमी झाडापर्यंत जाऊन येईपर्यंत रोज शेवटची सुटलेली. आत्याबाय बोलली, चला, बोटीत बसू, मंग झाडाकडं. मी पेला घेऊनच बसले. बोट चालली आन् मला वाटलं आपन आता बुडतो, मला पवता येत नाय, मी एका हातानं आत्याबायला धरलं आन् दुसऱ्या हातात पेला. मंग मोठी बोट बाजूनं गेली, लाट आली, आमची बोट कलली, आन् वाटी एकीकडं, पेला एकीकडं, दूध सगळं तलावात. पान्यावर जरासं पांढरं दिसलं आन् गेलं.

आत्याबायचं तोंड उतरलं, तिला कवाच असं बघितलं नवतं. मी हळूच इचारलं, "आत्याबाय, पान्यात गेलं तर काय होतं?"

"ठावं नाय," ती बोलली. "आपल्याकडं कोनाचं तलावात गेलेलं नाय."

जाव बोलली, "मासे पितील. त्यांना तरी बाळसं धरंल." पन तीबी हसली नाय.

दुसऱ्या दिवशी सांजच्याला मी मोरीत बसले तर पेल्याचा तळसुद्धा झाकंना. पिळून पिळून हात दुखले. छाती मऊ, रिकामी. मी बाहेर आले, पेला आत्याबायच्या पुढं ठेवला. गेलं, गेलं, एवढंच बोलत होते. जाव भिंतीकडं तोंड करून बसली, "माज्यामुळं," बोलली. आत्याबायनं पेला झाकला, माजा दंड धरला. "थेंब तर थेंब. चल."

घाटावर म्हातारीनं आमची तोंडं बघितली, पेल्यात बघितलं. मंग माजी हनुवटी वर केली आन् व्हटांवर बोट फिरवलं. माजे व्हट सुकून सोलले होते. ती बोलली, "पानी पीती है दिन में?"

मेळ्यात बायांसाठी संडास नवता, एक होता तो लांब, बाप्यांच्या रांगेतून जावं लागायचं, आन् मला एकटीला तिकडं जायचं भ्याव. म्हनून मी सकाळी निघताना एक घोट घ्यायची आन् संध्याकाळपर्यंत पानीच पियायची नाय. ऊन तर असं की तव्यावर उभं ऱ्हायल्यासारखं. मी खाली बघून हिंदीत कसंबसं सांगितलं.

आत्याबायनं कपाळावर हात मारला. "आगं, मला बोलायचं ना. मी काय तिथं पापड बघायला बसलेय?"

म्हातारीनं मडक्यातलं पानी दिलं, मी प्यायले, अजून दिलं, अजून प्यायले. तो थेंब आमी उंबराला घातला. दुसऱ्या दिवसापास्नं दुपारी जाव टेबल सांभाळायची आन् आत्याबाय मला संडासाला न्यायची. दाराबाहेर उभी ऱ्हायची, आन् कोनी बाप्या जवळ आला की आपल्या भाषेत अशी ओरडायची की तो लांबच थांबायचा. हातात पान्याची बाटली, मी बाहेर आले की पयली ती तोंडाला. निघायच्या आदल्या दिवशी पेला अर्ध्याच्या वर आला. उंबरानं राखलं का पान्यानं, आत्याबायला इचारलं तर ती बोलली, "दोघांना माज्याकडनं नमस्कार. तू पी."

येताना रेल्वेत मला झोप नाय. पेला अर्धा भरला तरी पोरगी घेईल का, ते पेल्याला कुठं ठावं.

आटगावला उतरलो, जीप धरली. पाड्यात पोचलो तर सासू वट्यावर, पोरगी तिच्या कडेवर. मी हात पुढं केले. पोरगीनं माज्याकडं बघितलं, आत्याबायकडं बघितलं, आन् सासूच्या मानेत तोंड घातलं. मी नाव घेऊन हाक मारली. ती आजून घट्ट झाली. सासू बोलली, "हातपाय धू, तुज्या अंगाला परक्या गावाचा वास येतो."

मी न्हाले, माजं जुनं लुगडं नेसले, येऊन खालीच बसले. ती सासूच्या मांडीवरनं मला बघायची आन् मी बघितलं की नजर फिरवायची. सासूनं तिला पेज भरवायला घेतली, ती पिते तशी गटागटा प्याली. मला वाटलं झालं आता. शेजारनी बोलल्या तसंच झालं.

मंग सासूनं वाटी खाली ठेवली, तिचं तोंड पुसलं आन् तिला उचलून माज्या मांडीत ठेवली. रडली पोरगी, लाथा मारल्या, सासूकडं हात केले. सासूनं हात मागं घेतले आन् माज्याकडं न बघता बोलली, "इतके दिवस माज्या पोटावर झोपत होती. आता तुज्याकडं झोपू दे तिला. माजं काय, सुकं." आन् ती उठून कोंबड्या डालायला गेली. जाताना तिनं पदर डोळ्याला लावला.

पोरगी रडून रडून दमली. वळवळत वळवळत तिचं तोंड माज्या छातीवर आलं. थांबली. हुंगलं. मंग एकदम धरलं, आन् अशी चावली की माज्या डोळ्यापुढं काजवे चमकले. दात आला होता. वरचा पयला, मी नसताना. सासूनं मोबाईलवर कवाच सांगितलं नवतं, मला वाईट वाटंल म्हनून.

मी दोन्ही हातांनी जमीन धरली आन् तोंड मिटून बसले. ओरडले असते तर तिनं सोडलं असतं.