ओठांवरचं जर्मन

विद्यापीठाच्या अभ्यासिकेत समोरची मुलगी मोबाईलकडे पाहत नुसते ओठ हलवत होती. आवाज नव्हता, तरी वाक्य मी ओळखलं. सहा महिने मीही खोलीचं दार लावून मोबाईलवरच्या ॲपसमोर तेच जर्मन घोकत होते. शिकवणारं कुणी नाही, रागावणारं कुणी नाही. एखादा दिवस चुकला तर स्वतःशीच ओशाळायचं.

"जर्मन?" मी हळूच विचारलं.

तिनं दचकून मोबाईल पालथा ठेवला. "घरी माहीत नाही अजून. पुढच्या आठवड्यात जर्मनीला जाण्यासाठी मुलाखत आहे."

"बोलतेस कुणाशी?"

"कुणाशीच नाही. मोबाईल म्हणतो, बरोबर आहे."

मलाही तो बरोबरच म्हणत आला होता. पण परक्या देशात समोर जिवंत माणूस उभा राहिला आणि त्याला आपलं काहीच कळलं नाही तर?

"माझ्याशी बोल," मी म्हटलं.

तिनं मोबाईल बाजूला सारला. मग जर्मनमध्ये म्हणाली, "मला भीती वाटते."

कुणी माझ्याशी बोललेलं ते पहिलं जर्मन वाक्य. ते मला लगेच कळलं. "मलाही" एवढंच जर्मनमध्ये म्हणायला मी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना.