अठरा मिलिमीटरचा केक

केकच्या तुकड्याची जाडी व्हर्नियर कॅलिपरने मोजणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे जळगावचे घरमालक, नाना. एमआयडीसीतल्या एका चटई कारखान्यात फिटर म्हणून तीस वर्षं काढून ते निवृत्त झाले होते. मूळचे धुळ्याकडचे, त्यामुळे घरात अहिराणीच चाले. मी वरच्या मजल्यावर राहायला गेलो त्याच आठवड्यात त्यांनी मला खाली बोलावलं आणि बशी पुढे केली. चॉकलेट केकचा एक काप, वर तीन काळीभोर करवंदं.

"अठरा मिलिमीटर शे," नाना गंभीरपणे म्हणाले. "मन्हा घरमा अंदाज चालस नही."

माणूस चिक्कू दिसतोय, असं मला वाटलं. खरं कारण पुढे कळलं. अक्कांना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, मधुमेह होता आणि बेकरीतला चॉकलेट-चेरी केक म्हणजे त्यांचा जीव की प्राण. उजव्या पायाच्या अंगठ्याची जखम चार महिने भरत नव्हती. साखर खाली आली नाही तर अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. अक्कांनी भात सोडला, चहातली साखर सोडली. केक सोडा म्हटलं की मात्र त्या भिंतीकडे तोंड करून बसत. चोरून आणून द्यायला शेजारणी होत्याच.

"ती केक सोडस नही," नाना म्हणाले, "ते मंग आपुन केकलेच सुधारसूत."

ज्यांनी कधी स्वतःचा चहासुद्धा केला नव्हता त्यांनी भंगारातला ओव्हन आणून दुरुस्त केला. मैदा गेला, गव्हाचं आणि ज्वारीचं पीठ आलं. लोण्याऐवजी दही, क्रीमऐवजी फेटलेला चक्का. दुकानातली लाल चेरी म्हणजे बहुतेक वेळा रंगवून पाकात बुडवलेलं करवंदच असतं, हे कळल्यावर ते दोन दिवस चिडलेले होते. मग यावलहून सातपुड्यातली पिकलेली करवंदं मागवून, शिजवून, फ्रीजमध्ये भरून ठेवली.

"साखर नावले नही," ते मला सांगत होते. "बठ्ठी गोडी केळानी शे."

सगळी गोडी केळ्यांचीच: अक्कांच्या असोद्याच्या भावाच्या बागेतली, साल काळी पडेपर्यंत पिकवलेली सहा केळी एका केकात! आमच्या भागात केळ्यावर संशय घ्यायचं कुणाच्या मनातही येत नाही. नानांच्या आलं नाही, माझ्याही आलं नाही. मी तर आणखी एक काप मागून घेतला. अक्का रोज खात होत्या आणि खूश होत्या.

महिन्याभराने साखर तपासली तर ती आणखी चढलेली. काय खाता, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा नानांनी अभिमानाने सगळी कृती सांगितली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. पुढच्या आठवड्यात अंगठा काढला.

केकमुळेच झालं, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. जखम आधीच चिघळली होती. नानांनी मात्र सगळा दोष स्वतःच्या माथी मारून घेतला. ओव्हन गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकला. मलाही तो दुसरा काप बरेच दिवस आठवत राहिला.

तीन आठवड्यांनी अक्का वॉकर टेकत स्वयंपाकघरात आल्या. मी भाडं द्यायला खाली आलो होतो.

"अंगठा गया ते गया," त्या नानांना म्हणाल्या. "आते पाय वाचाडा. केक करा."

"मन्हा हातवर तुन्हा इस्वास शे?"

"हातवर शे. डोकं डॉक्टरनं वापरा."

नाना हसले नाहीत, पण ओव्हन खाली उतरला. दुसऱ्याच दिवशी ते वही घेऊन आहारतज्ज्ञ बाईंकडे गेले. सहा केळ्यांचं अर्धं केळं झालं, अठरा मिलिमीटरचे बारा झाले, रोजचा केक रविवारवर आला. त्यात कोको जास्त आणि करवंदांचा आंबटपणा पुढे. मला तो फारसा आवडला नाही. "हाऊ केक शे का काढा?" असं अक्का दर रविवारी विचारत आणि कण न कण संपवत. शेजारणींना नानांनी हात जोडून दार दाखवलं. हळूहळू साखर उतरली, जखम भरली. अक्का आधी गच्चीवर आणि मग गल्लीत चालायला लागल्या. असे तीन वर्षांचे रविवार गेले.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी नाना खुर्चीतच गेले. आमच्या गल्लीत अशा वेळी बायका दारातूनच निरोप देतात. पुरुष तिरडी घेऊन निघाले तशा अक्का उठल्या. बाहेरगावाहून आलेल्या सुनेने हात धरला, तो त्यांनी बाजूला केला.

"हाऊ पाय त्यासनी वाचाडेल शे," त्या म्हणाल्या. "आज त्यासना मांगे चालू द्या."

आणि त्या नऊ बोटांवर, कुणाचाही आधार न घेता, गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत चालत गेल्या.