मंगलताईंची सहावी उडी

मंगलताई शेवाळे यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते भिंतीला हात लावताना. चांदवडला शालेय स्पर्धा होत्या. मी नाशिकच्या एका शाळेत क्रीडाशिक्षक म्हणून नुकताच लागलो होतो, आणि नवा माणूस म्हणून मला शंभर मीटरच्या शेवटच्या रेषेवर उन्हात उभं केलं होतं. एक सडपातळ, अनवाणी मुलगी सगळ्यांच्या पुढे रेषा ओलांडून गेली आणि थांबेचना. मैदान संपलं तरी ही आपली पळतेच आहे. शेवटी शाळेच्या कुंपणाच्या भिंतीला हात टेकवून ती सावकाश परत आली. मी म्हटलं, अगं, शर्यत रेषेवर संपली की. तर मलाच वेड्यात काढत म्हणाली, "आमच्या शाळेत भिंतीला हात लावल्याशिवाय शर्यत संपत नाय, सर."

त्या मुलीची यंदा साठी. समोर असल्या की मी आजही त्यांना 'अगं मंगल' अशीच हाक मारतो, पण गौरवग्रंथात अहोजाहो करा, असं संपादकांनी बजावलं आहे. ते मला आनंदाने मान्य आहे. खरं तर मी ते फार पूर्वीच सुरू करायला हवं होतं.

नव्वदच्या दशकात नाशिकच्या मैदानांवर ज्यांचा वावर होता, त्यांना ताईंची ओळख करून द्यायला नको. शंभर मीटर आणि लांब उडी या दोन्ही प्रकारांत त्यांनी वर्षानुवर्षं राज्यात कुणाला पुढे जाऊ दिलं नाही. खेळाडूंसाठी राखीव असलेल्या जागेवर त्यांना सरकारी कचेरीत कारकुनी मिळाली होती. सकाळी मैदान, मग नाशिकच्या द्वारका चौकातून मिळेल त्या गाडीने कचेरी, आणि संध्याकाळी पुन्हा मैदान. साहेबांनी एकदा विचारलं म्हणे, की बाई, दमत नाही का हो तुम्ही? ताईंनी सांगितलं, दमते साहेब, पण इथे खुर्चीवर बसून जास्त दमते. साहेबही भले. त्यांनी ताईंना टपाल पोचवण्याचं फिरतीचं काम देऊन टाकलं.

ताईंच्या खरेपणाची एक आठवण सांगतो. राज्य स्पर्धेत दोनशे मीटरला त्या पहिल्या आल्या. आम्ही नाशिककर नाचायच्या बेतात होतो, तोवर ताई मुख्य पंचांकडे गेल्या आणि वळणावर आपला पाय आतल्या मुलीच्या पट्ट्यात पडला होता, असं स्वतःहून सांगून आल्या. कुणीही तक्रार केली नव्हती. सुवर्णपदक गेलं. मी चिडलो. अगं शहाणे, कुणी पाहिलं नव्हतं, असं त्यांना बोललो. त्या बुटाचे बंद सोडत म्हणाल्या, "मी पाहिलं ना." मी चहा प्यायला निघून गेलो.

पुढे दोन हजारनंतर त्यांनी मुली घडवायला घेतल्या. कळवण, पेठ, सुरगाणा, कुठकुठल्या मुली त्यांच्या दोन खोल्यांत राहिल्या, जेवल्या, भांडल्या आणि पदकं घेऊन गेल्या. कळवणच्या एका मुलीचे वडील तिला परत न्यायला आले होते, लग्न ठरवायचं म्हणून. ताईंनी वाद घातला नाही. त्यांच्या हातात दाताळं दिलं आणि म्हणाल्या, दादा, आज माणूस नाही, पोरींच्या उड्यांमागे तेवढी वाळू सारखी करा. शेतकरी माणूस, काम दिलं की नाही म्हणवत नाही. दुपारपर्यंत वाळू ओढली, लेकीची प्रत्येक उडी हातभर अंतरावरून पाहिली. निघताना मुलीला म्हणाले, "ऱ्हाय तू. तुझ्या आईला मी सांगतो काय सांगायचं ते." आणि एकटेच एसटीत बसून गेले.

माझ्यावरचे उपकार तर मोजूच नयेत. माझी पत्नी इस्पितळात होती तेव्हा ताईंनी दोन्ही वेळचा डबा स्वतः आणून दिला. मी नको नको म्हणायचो. लोकांना वाटे, सर भिडस्त आहेत. भिडस्त कसला! त्यांच्या हातचं खायला मी कचरत होतो, त्याचं कारण निराळं होतं. ते मी कुणालाही सांगितलं नव्हतं, पत्नीलाही नाही. आज सांगतो.

या ग्रंथात बरेच जण लिहितील की ताई लांब उडीत देशाच्या संघात गेल्या असत्या, पण नशिबाने साथ दिली नाही. कृपा करून नशिबाला बोल लावू नका. नशीब नव्हतं ते, मी होतो.

राष्ट्रीय संघाच्या शिबिरासाठी निवड चाचणी होती, आणि ती नाशिकलाच होती. लांब उडीतून एकच जागा. पाच उड्यांनंतर ताई दुसऱ्या होत्या, थोडक्यात मागे. शेवटची, सहावी उडी उरली होती. ज्या पाटीवरून उडी घेतात तिच्याशेजारी मी बसलो होतो, एका हाताशी लाल झेंडा, दुसऱ्या हाताशी पांढरा. पाटीपुढे आम्ही चाळलेल्या ओल्या मातीचा पट्टा थापायचो. पाय पाटीच्या पुढे गेला तर मातीत खूण उमटते आणि उडी बाद होते. दर उडीनंतर थापीने ती माती सारखी करायची, हे पंचाचं काम. माझं काम.

ताईंच्या आधीच्या मुलीचं पाऊल चुकलं. तिने उडी घेतलीच नाही, मातीवरून तशीच पळत गेली. तेवढ्यात मागून माझं नाव ऐकू आलं. बाहेरगावचे लोक कुजबुजत होते, की पंच नाशिकचा, मुलगी नाशिकची, आता बघा कशी निवड होते. मी वळून त्यांना चार शब्द सुनावले. सुनावून झालं आणि समोर बघतो तर ताई धावत सुटलेल्या. पाटीवर पाय पडल्याचा आवाज झाला, त्या उडाल्या आणि सगळं मैदान एकदम ओरडलं. मी खाली पाहिलं. मातीत बुटाच्या खिळ्यांची खूण. लाल झेंडा वर केला.

झेंडा दिसताच वाळूवाल्यांनी वाळू ओढून टाकली. मग मी नीट पाहिलं. खूण डाव्या पायाची होती. मंगलताई उजव्या पायावर उडी घेतात, हे मला माझ्या नावाइतकं माहीत होतं. ती खूण आधीच्या मुलीची होती. मी माती सारखी करायला विसरलो होतो.

त्याच क्षणी मुख्य पंचांना सांगितलं असतं तर ताईंना ती उडी पुन्हा मिळाली असती. नियमच आहे तसा. पण सांगायचं काय? की नाशिकच्या पंचाने नाशिकच्या मुलीला बाद केलं आणि आता शब्द फिरवतोय? ते लोक हसले असते. शिवाय मोठे अधिकारी बघत होते आणि मला राष्ट्रीय पंच व्हायचं होतं. एवढ्याशा लाजेपायी मी थापी उचलली आणि माती सारखी केली.

ताई धापा टाकत आल्या. मातीकडे बघू लागल्या, तिथे आता काहीच नव्हतं. त्यांनी विचारलं, "सर, किती गेला पाय?" मी दोन बोटं वर केली. "एवढा," म्हटलं. त्यांनी मान डोलावली. माझ्याशी वाद घालायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

पाच उड्यांनंतर पुढे असलेली मुलगी शिबिराला गेली. इथवर असतं तरी मी स्वतःला कसंबसं समजावलं असतं. पण दुसऱ्या आठवड्यापासून ताई आपली धाव सुरू करायची खूण मागे सरकवू लागल्या. आधी दोन बोटं, मग चार, मग वीतभर. पाय पुढे जाईल ही धास्तीच बसली. ज्या पाटीच्या कडेवर बरोबर पाय टाकायच्या, तिच्या मागूनच उडायला लागल्या, आणि तेवढं अंतर दर उडीत वाया जायचं. दोन वर्षं त्या झगडल्या. मी बाजूला उभा राहून बघत होतो. वर सल्लेही देत होतो, की खांदे सैल सोड, मान वर ठेव. लाज वाटते आज ते आठवून. शेवटी ताईंनी उडी सोडली आणि नुसत्या धावत राहिल्या. लोक म्हणाले, वय झालं. वय कसलं झालं होतं!

हा लेख मागितला गेला तेव्हा मी दोनदा नाही म्हटलं. मग ठरवलं की छापण्याआधी तोंडाने सांगायचं. गेल्या महिन्यात सकाळीच मैदानावर गेलो. मुली पळत होत्या. ताई पायरीवर बसून कुणाच्या तरी बुटाचे खिळे घट्ट करत होत्या. मी शेजारी बसलो आणि म्हटलं, "मंगल, चाचणीतली तुझी सहावी उडी बाद नव्हती. माती मीच पुसली." मग बाकीचं सगळं सांगितलं.

त्यांचा हात थांबला. बूट त्यांनी पायरीवर ठेवला. मग म्हणाल्या, "सर, पाय पाटीवर पडला होता, हे मला कळलं होतं. पण तुम्ही दोन बोटं दाखवलीत. मग मी माझ्या पायावरच भरवसा ठेवला नाही, पुन्हा कधीच नाही."

हा लेख देऊ नका म्हणालीस तर देत नाही, असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, द्या की, मुलींनी वाचला पाहिजे. त्यांना कळू दे, झेंडा माणूसच वर करतो. त्यांनी मला माफ केलं का, ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

मी उठलो तेव्हा त्यांनी एकच विचारलं. "किती लांब गेली होती हो उडी?"

तेही मला सांगता आलं नाही. मी वाळूकडे पाहिलंच नव्हतं. मी खाली मातीकडे बघत होतो.

मंगलताईंना उदंड आयुष्य लाभो. त्यांचे गुडघे शाबूत राहोत, पहाटेचं मैदान त्यांना सुटू नये, आणि त्यांच्या मुलींना माझ्याहून धीट पंच मिळोत, ही या म्हाताऱ्याची मनापासूनची इच्छा. या ग्रंथाच्या शेवटी ताईंच्या विक्रमांची यादी दिली आहे. लांब उडीपुढे जो आकडा छापला आहे, तो त्यांची सर्वांत लांब उडी नाही, एवढं वाचणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.