खमंग पॅनकेक

गाव सोडणारा माणूस आपली संस्कृती सोबत घेऊन निघतो, असं व्याख्यानांतून ऐकलं आहे. उदगीरच्या स्टँडवरून मी निघाले तेव्हा सोबत भाजणीचा डबा होता. खिडकीशी उभी आई एवढंच म्हणाली, “कच्चं पीठ खाऊ नको गं, पोट धरून बसशील.” लातूर येईपर्यंत त्यातली मूठभर संस्कृती पिशवीत सांडली होती.

तिकडं राहिलेल्या तुम्हाला वाटतं, आम्ही इकडं सुखात आहोत. माझ्यासारख्या निघालेल्यांना ठाऊक आहे की मोशीच्या फ्लॅटमध्ये सकाळी सुखाला बसायला जागा नसते. माझी चाकणच्या कंपनीची बस आणि लेकीची, जुईची, शाळेची बस एकाच वेळी येते. जुईला नाश्त्याला पॅनकेक हवा असतो. म्हणून मी कोरडं मिश्रण घरीच करून ठेवते: कणीक, ज्वारीचं पीठ, दूध पावडर, साखर, मीठ, बेकिंग पावडर. सकाळी ताक आणि अंडं घालून फेटलं की झालं. रविवारी थोडं लोणी वाढवून त्याचेच वॉफल.

बाबा गेल्यावर आईला इथं आणलं. ती कायमची राहावी, एवढंच मला हवं होतं. पण धुण्याला मशीन, भांड्यांना बाई. “मी इथं काय करू? लिफ्ट वर-खाली गेलेली बघू?” असं ती रोज विचारायची.

एका संध्याकाळी कामावरून आले तर जिन्यापर्यंत वास. पॅनकेकच्या मिश्रणाचा अख्खा डबा आईनं कढईत भाजून काढला होता. “कच्चंच भरून ठेवलं होतंस की बाई! किडे झाले असते.”

सकाळी तव्यावर काळपट चकत्या पडल्या. साखर जळलेली, बेकिंग पावडरचा जीव कढईतच गेलेला.

“आजी, हे फुगतच नाहीये.”

“फुगवून काय करायचंय? पोटात गेल्यावर बसणारच की!”

जुईनं ताट सरकवलं. आईनं ते उचलून ओट्यावर ठेवलं. मग म्हणाली, “मला इथलं काही कळत न्हाई. रविवारची गाडी बघ.”

कंपनीत माल बिघडला की आम्ही अश्रू ढाळत नाही, कुठल्या पायरीला बिघडला ते शोधतो. मीही समजूत काढायला गेले नाही. नुसती पिठं आईपुढं ठेवली. “ही भाज. गार झाल्यावर बाकीचं सगळं मी घालते.”

“तूच भाज.”

“माझं करपतं.”

हे खरं होतं. तिनं कढई चढवली.

दुसऱ्या दिवशी पॅनकेक फुगला, आणि खमंगही झाला. जुईनं आणखी मागितला. आई माझ्याकडं वळली. “सोडा शेवटी घालायचा, हे आधी सांगायला तोंड दुखत होतं का?”

रविवार उजाडला. गाडीचं तिकीट माझ्या फोनमध्ये होतं. आई पिशवी घेऊन दाराशी आली. पिशवी रिकामी होती. “पिंपरीला चल. ज्वारी संपलीय. निवडून घ्यावी लागती, तुला जमायचं न्हाई.”

मी तिकीट रद्द केलं.

घर म्हणजे मुळं, माती, असं पुष्कळ लिहिलं जातं. माझ्यापुरतं, जिथं आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, ते घर. आईचं आता मोशीत घर आहे. पॅनकेक तिला आवडत नाही. ती शिळी भाकरी खाते.