नाव घातलेला डबा

माझा पिंडच संशयी. दुधाची पिशवी हाताला हलकी लागली तरी मी ती वजनकाट्यावर ठेवते, आणि फोनवर कुणी फार गोड बोललं की याला नेमकं काय हवंय हेच आधी मनात येतं. नवरा म्हणतो, तू पोलिसात जायला हवी होतीस. त्यामुळे एका परदेशी मुलीला सहा महिने घरात ठेवून घ्यायला मी तयार झाले, तेव्हा त्याचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. कारण साधं होतं. आमची लेक जर्मनीत शिकायला एका कुटुंबात राहत होती आणि तिथली बाई सकाळी पाव-जॅम पुढे ठेवून मोकळी व्हायची. आपल्या मुलीला कुणी गरम घास द्यावा असं वाटत असेल, तर आपणही कुणाच्या तरी मुलीला द्यावा, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मुलगी पोलंडची. जानेवारीत आली. मराठी बऱ्यापैकी शिकूनच आलेली, उरलेलं इथल्या कॉलेजात शिकणार होती. कॉलेजने घोडबंदर रोडवरचं हॉस्टेल देऊ केलं होतं, ते तिने नाकारलेलं. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "काकू, हॉस्टेलमध्ये सगळे माझ्याशी इंग्लिश बोलतात. मला घरातलं मराठी पाहिजे. मला घर पाहिजे."

कॉलेजच्या मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "दोन महिन्यांनी आम्ही तुम्हाला विचारू हं. तुम्ही ओके म्हणालात तर ती कंटिन्यू करेल, नाहीतर हॉस्टेल." म्हणजे तिचं इथलं राहणं माझ्या एका शब्दावर होतं. मला ते तेव्हा बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

संक्रांतीला समोरच्या दारातल्या मावशींनी तिळाच्या वड्या पाठवल्या. मावशी म्हणजे निवृत्त शिक्षिका, ऐंशीच्या पुढच्या, एकट्या. वड्या विकतच्या होत्या, हे मी पहिल्या घासाला ओळखलं आणि नाक मुरडलं. त्यांचा डबा घासून, त्यात दोन चमचे साखर घालून मी मुलीच्या हाती परत पाठवायला दिला.

"साखर का?" तिने विचारलं.

"रिकामं भांडं कधी परत देऊ नये. दिलं की संबंध संपले असं होतं."

"आणि घरात काहीच नसेल तर?"

"चिमूटभर साखर नसते असं घर असतं का कुठे?" मी म्हटलं. तिने ते वहीत लिहून घेतलं. ती सगळंच लिहून घ्यायची, आणि तेही मला खुपायचं. आमच्या घरात लिहिण्यासारखं असं काय होतं?

मी तिला रोज कॉलेजसाठी डबा द्यायचे. चार पोळ्या, भाजी, वर भात. संध्याकाळी डबा चाटूनपुसून रिकामा यायचा. पोरगी काडीसारखी आणि भूक पैलवानाची, हे गणित मला जमेना. मग फेब्रुवारीत माझी भांडी गायब व्हायला लागली. आधी एक झाकणाची वाटी. मग आमटीचं पातेलं. मग माझा चपटा डबा, ज्यावर माझं माहेरचं नाव घातलेलं आहे. माझ्या आईने दुकानात शेजारी उभं राहून ते नाव घालून घेतलं होतं. आई गेली, माहेरचं घरही गेलं, ते नाव आता त्या डब्यावर तेवढं उरलंय.

मी मांडणी तीनदा काढली. सिंकखाली पाहिलं. कामवाल्या बाईंवर संशय घ्यायचा प्रश्नच नव्हता. त्या अकरा वर्षं येतायत, आणि त्यांच्याकडे माझ्यापेक्षा चांगली भांडी आहेत. उरलं कोण?

"अगं, भांड्यांचं काय घेऊन बसलीयस," नवरा म्हणाला.

"कुठेतरी पाणी मुरतंय," मी म्हटलं.

मग मी ते केलं. ती कॉलेजला गेल्यावर तिचं कपाट उघडलं, बॅग उपसली. भांडी नव्हती. वही होती. एका पानावर गिचमिड्या देवनागरीत लिहिलेलं: चप्पल बाहेर. उजव्या हाताने घेणे. निघताना येते म्हणणे. रिकामं भांडं परत देणे नाही. दुसरी एखादी विरघळली असती. मला वाटलं, आमच्या घराची यादी कशाला करतेय ही?

संध्याकाळी मी सरळ विचारलं, "माझा नावाचा डबा कुठाय?"

तिचा चेहरा लालभडक झाला. "काकू, डबा नीट आहे. पण मला सांगता येणार नाही."

"माझ्या घरातला डबा, आणि मला सांगता येणार नाही?"

"मी प्रॉमिस केलं आहे," ती म्हणाली आणि मान खाली घालून उभी राहिली. चोराच्या मनात चांदणं, मी मनात म्हटलं. आता शंका उरली नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला थोडा आनंदच झाला होता. इतके दिवस मला वाटत होतं ते बरोबर निघालं होतं.

मॅडमचा फोन आला तेव्हा मी सांगितलं, "मुलगी चांगली आहे, पण वस्तू जागेवर राहत नाहीत." इतकंच. तिसऱ्या दिवशी ती हॉस्टेलवर गेली. निघताना माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "येते." मी हं म्हटलं.

आठवड्याने दाराची बेल वाजली. समोरच्या मावशी. भिंतीला एक हात टेकलेला, दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीत वाटी, पातेलं आणि माझा डबा. लख्ख घासलेली, आणि प्रत्येकात एकेक लवंग.

"रागावू नकोस गं," त्या म्हणाल्या. "दिवाळीत पडले, तेव्हापासून हात चालत नाहीत. गॅसपाशी जायची भीती वाटते. तुझ्याकडच्या त्या मुलीला कसं कळलं कोण जाणे. कॉलेजला जाताना अर्धा डबा मला काढून देऊन जायची. रात्रीचं आपल्या पानातलं वाटीत घालून आणायची. तुला सांगू नकोस म्हणून मीच तिला शपथ घातली होती. आयुष्यभर मुलांना शिकवलं, आता शेजारी मागून खाते असं कुणी म्हणायला नको."

"आणि भांडी?"

"रिकामी कशी पाठवू? काहीतरी हाताने करून घालीन म्हणून ठेवली. आज होईल, उद्या होईल. साखरही डॉक्टरांनी बंद केलीय, घरात नसतेच." मग माझ्या मागे डोकावून त्यांनी विचारलं, "कुठाय ती? आठवडा झाला, फिरकली नाही."

मला इतकी लाज वाटली की मी त्यांना आत या म्हणायलाही विसरले.

दुसऱ्या दिवशी गूळपोळ्या केल्या, त्याच डब्यात भरल्या आणि रिक्षाने हॉस्टेल गाठलं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. "माझं चुकलं," मी तिला खोलीत शिरताच म्हटलं. "मावशींनी सगळं सांगितलं. मी तुझं कपाटही उघडलं होतं. तू परत चल, मॅडमशी मी बोलते."

ती हसली. तिने आधी मावशींची चौकशी केली. त्यांचा दोन्ही वेळचा डबा आता माझ्याकडून जातो, हे ऐकून तिला हायसं वाटलेलं दिसलं. "आणि तू?" मी विचारलं.

"बघते, काकू," ती म्हणाली.

तिने पोळ्या ताटलीत काढून घेतल्या, डबा नळाखाली धुतला, टॉवेलने पुसला, झाकण लावलं आणि उजव्या हाताने माझ्या हातात दिला. फाटकापर्यंत सोडायलाही आली.

रिक्षा ट्रॅफिकमध्ये अडकली तेव्हा मी झाकण उघडलं. डबा रिकामा होता.

हॉस्टेलवर काय असणार पोरीकडे, असं मी नवऱ्याला सांगितलं. तोही हो म्हणाला. पण तिच्या टेबलावर, चहाच्या कपाशेजारी, साखरेच्या चार पुड्या पडल्या होत्या. मी त्या डबा देतानाच पाहिल्या होत्या.