पडदा लवकर पाडणारे नाना

"उठली ना पोरगी? बास. आता आनखी काय पायजे लोकान्ला?"

नाटकाचा पडदा वेळेआधी पाडून झाला की नाना एवढंच बोलायचे आणि दोरीचे वेढे शांतपणे बांबूला घालत बसायचे. तोवर नाटक लिहिणारे शाळेचे मास्तर विंगेतून तावातावाने आलेले असत. त्यांनी जीव ओतून लिहिलेला शेवट, नायिकेचा आक्रोश, तिचं मरण, सगळं पडद्याच्या मागेच राहून जाई. पुढे लोक टाळ्या वाजवत उठत आणि सतरंज्या झटकू लागत.

नाना जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण अजूनही कुठे नाटकाला गेलो की माझी नजर आधी पडद्याच्या दोरीकडे जाते. तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल. सगळ्यांच्या कामात असतो, आणि संध्याकाळी एकटाच चुलीपुढे फुंकत बसलेला दिसतो.

मी तेव्हा पाटोदा तालुक्यातल्या एका गावी दूध सोसायटीत सेक्रेटरी म्हणून नुकताच लागलो होतो. मूळचा युसूफ वडगावचा, त्यामुळे या गावात मला सगळंच नवीन. नाना सोसायटीत दुधाचं माप घ्यायचे. पन्नाशीचे, उंच, किंचित पुढे वाकलेले. लग्न केलेलं नव्हतं. भाकरी स्वतः थापायचे, आणि ती कुठल्या बाजूने खायला सुरुवात करावी ते कळू नये अशा आकाराची व्हायची. मला आग्रहाने वाढायचे आणि वर विचारायचे, "कशी झालीय?" मी चांगली म्हणायचो. "खोटं कावून बोलता? दात हायेत तवर खाऊन घ्या," म्हणायचे.

गावात दोन भावक्या, वरली आळी आणि खालली आळी. आडनावं वेगळी, देव एकच, आणि वैर इतकं जुनं की कशावरून ते कुणालाच धड सांगता येत नव्हतं. एक जण बांध सांगे, दुसरा म्हैस. वरल्या आळीचं दूध डाव्या कॅनात आणि खालल्या आळीचं उजव्या कॅनात घ्यायचं, हा सोसायटीचा पहिला नियम मला रुजू झालो त्याच दिवशी सांगण्यात आला. पाटोद्याला संघाच्या टाकीत दोन्ही कॅन एकत्रच ओतले जात. पण ते गावाच्या डोळ्यांआड घडायचं, म्हणून चालून जायचं. नाना स्वतः खालल्या आळीचे. तरी त्यांच्या मापावर दोन्हीकडच्यांचा विश्वास होता.

अशा गावात जत्रेला दरवर्षी नाटक कुठलं व्हावं? मास्तरांनी एका जुन्या विलायती शोकांतिकेवरून रचलेलं. दोन घराण्यांचं हाडवैर, एका घरचा पोरगा, दुसऱ्या घरची पोरगी. साधू पोरीला औषध देतो, त्याने ती मेल्यासारखी निजते. ती खरी मेलेली नाही हा निरोप पोराला पोचत नाही, ती गेली हेच त्याच्या कानावर येतं, आणि तो तिच्या उशामागे विष घेऊन पडतो. मग ती डोळे उघडते, त्याला शोधते, आणि त्याच्यामागून जाते. वरल्या आळीला वाटायचं यातलं वाईट घराणं म्हणजे खालली आळी, खालल्या आळीला वाटायचं वरली. त्यामुळे वर्गणी दोन्हीकडून मिळायची.

नायिका आमचा शिंपी व्हायचा. नटी आणायला गावाकडे पैसे नव्हते आणि शिंप्याकडे स्वतःचं लुगडं-पोलकं होतं. तो मेल्यासारखा झकास निजायचा. त्याने डोळे उघडले की पडदा धाडकन खाली. ती उठली तसा आता तोही उठेल, म्हणजे नाटकाचा शेवट गोड आहे, अशीच सगळ्या गावाची समजूत होती.

मग ते दुष्काळाचं साल आलं. पाऊस दोन वर्षं लागोपाठ रुसलेला. तळ्याचा तळ उघडा पडला आणि त्याच कोरड्या तळ्यात सोसायटीने गुरांची छावणी काढली. साखर कारखान्याकडून उसाचं वाढं यायचं, टँकरने पाणी यायचं. पार आष्टीकडूनही लोक जनावरं घेऊन आले. पाचटाचं छप्पर घालून गुरांशेजारीच राहू लागले. दूध थोडंच निघायचं, तरी आम्ही सकाळ-संध्याकाळ छावणीतच माप लावायचो.

त्या आष्टीकडच्यांत एक बाई आली. दोन म्हशी, कपाळ मोकळं, पंचेचाळिशीची असेल. आमच्या गावची माहेरवाशीण, वरल्या आळीची. तिचा थोरला भाऊ सोसायटीचा डायरेक्टर. भावाकडे ती जेवायला जायची, मुक्काम मात्र म्हशींपाशी. पहिल्या सकाळी ती रांगेत आली आणि तिने चरवी पुढे केली. नानांनी मान वर केली, दूध मापात घेतलं आणि उजव्या कॅनात ओतलं.

"नाना, कुठं वतायलाव?" मागून कुणीतरी म्हणालं.

वरल्या आळीचं दूध खालल्या आळीच्या कॅनात. एवढ्या वर्षांत नानांच्या हातून असं कधी झालं नव्हतं. भाऊ धावत आला. "डोळं फुटलं का बे तुझं? आमचं दूध त्यांच्या कॅनात?" खालल्या आळीचे वेगळेच तापले. त्यांना तो कॅन आता नकोच होता. भरदुष्काळात तो कॅन शेवटी छावणीतल्या वासरांना पाजला. नाना माप विसळत राहिले. ती बाई रिकामी चरवी घेऊन उभीच होती.

संध्याकाळी मी मास्तरांना गाठलं. मास्तर आधी टाळत होते, मग म्हणाले, "तुम्ही बाहेरचे, म्हणून सांगतो."

पंचवीसेक वर्षांपूर्वी नानांचं आणि त्या बाईचं जमलं होतं. तिच्या भावांना कळलं. तिला कोंडून घातलं, तेव्हा तिने ढेकणाचं औषध घेतलं. बैलगाडीत घालून तिला बीडला नेलं. इकडे तिच्या भावांनी नानांना मुद्दाम सांगावा धाडला, की पोरगी वाटेतच गेली, मातीही झाली. नाना त्याच पावली गाव सोडून गेले. उसाच्या टोळीबरोबर कुठे कुठे फिरले. परत आले तेव्हा कळलं, की ती बीडला शुद्धीवर आली होती, बरी झाली होती, आणि आष्टीकडे देऊनही टाकली होती.

"मला वाटलं, हा आता कुणाचा तरी मुडदा पाडणार," मास्तर म्हणाले. "तर मला म्हणाला, उठली ना ती, मास्तर? बास मग."

मास्तर दरवर्षी चिडायचे, पण पडद्याची दोरी दुसऱ्या कुणाच्या हातात देत नव्हते. ते का, हे मला त्या दिवशी समजलं. मला फार वाईट वाटलं, आणि नानांची ती वेडीवाकडी भाकरी आठवली.

छावणीत माणसांना दिवसभर काम नसायचं. मास्तरांनी तिथेच नाटक लावायचं ठरवलं. वीज नव्हती, म्हणून भरदुपारी. चार बांबू पुरले, पडदा बांधला. शिंपी निजला, शिंपी उठला, नानांनी दोरी सोडली. छावणीभर टाळ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रांगेत आली. मी शेजारीच खुर्ची टाकून बसलो होतो. चरवी पुढे करत ती हलक्या आवाजात म्हणाली, "उठली, इतकंच दावता व्हय तुमी?"

नाना मापाकडे बघत राहिले.

"उठल्यावर तिनं कुनाला हुडकलं, ते बी दावा की कदी. मी उठले तवा समदं घर व्हतं भवती. हुडकलं त्यो तेवढा न्हवता. पळून गेलता म्हनले."

नानांचे ओठ हलले. पण मागे रांग होती, भाऊ टँकरपाशी उभा होता. ती म्हणाली, "घ्या मापात." त्यांनी दूध घेतलं आणि या वेळी बरोबर डाव्या कॅनात ओतलं.

त्या दुपारी ते मास्तरांकडे गेले. मी बरोबर होतो.

"एकडाव परत लावा नाटक," नाना म्हणाले. "शेवटापतूर."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. शिंप्याला मात्र शेवटची भाषणं पाठच नव्हती, कधी गरजच पडली नव्हती. त्याला बिचाऱ्याला आठवडाभर बसून घोकावी लागली.

पुन्हा दुपार, पुन्हा तीच माणसं, कारण जाणार कुठे? मी विंगेत नानांच्या शेजारी उभा होतो. दोरी त्यांनी हाताला दोन वेढे देऊन धरली होती. शिंपी उठला. लोक सवयीने टाळ्या वाजवू लागले, आणि पडदा न पडल्यामुळे गप्प झाले. नायिका इकडेतिकडे बघत म्हणाली, "कुठं आहे तो? मी उठले आणि तो नाही?" साधू झालेले मास्तर पुढे आले. "पोरी, तो पळाला नाही. त्याला सांगितलं, तू गेलीस. ते त्याला खरं वाटलं."

तो पळाला नाही, हे वाक्य जुन्या संहितेत नव्हतं. मास्तरांनी ते आयत्या वेळी घातलं, की नानांनी घालायला सांगितलं, हे मी कधी विचारलं नाही. नाना स्टेजकडे बघतच नव्हते. ते बायकांच्या बाजूला बघत होते. तिथे ती बसली होती, मांडीवर वैरणीची रिकामी पाटी, पदराचं टोक दातात धरलेलं.

नायिका मेली. आता पडदा पडायला हवा होता. विंगेत परतलेल्या मास्तरांनी पडद्याची शिट्टी एकदा फुंकली, दोनदा फुंकली. नानांच्या हातची दोरी सुटेना. शिंपी उन्हात पडून राहिला, तोंडावर माशा बसू लागल्या. नायक आधीच मेलेला, त्याने एक डोळा किलकिला करून पाहिलं. शेवटी शिंप्याला राहवेना. तो सगळ्यांदेखत उठून बसला, लुगडं झाडलं, नायकालाही हाताला धरून उठवलं आणि दोघे विंगेत चालते झाले. छावणी हसून लोटपोट. "उठली, उठली!" पोरंटोरं ओरडत होती.

तीही हसत होती. हसता हसता तिने पदराने डोळे पुसले, आणि हसणाऱ्या गर्दीत तिच्याकडे बघणारे आम्ही दोघेच होतो. धारेची वेळ झाली होती. ती पाटी उचलून उभी राहिली, एकदा दोरीच्या दिशेने पाहिलं, आणि म्हशींकडे चालू लागली. दोनच आठवड्यांनी पाऊस पडला, छावणी मोडली, आणि ती आष्टीकडे निघून गेली. त्यानंतर ती गावात आल्याचं मला माहीत नाही.

पण त्या दुपारी ती पाचटाच्या छपरांमागे दिसेनाशी होईपर्यंत नाना तसेच उभे होते.

"उठली ना पोरगी," ते म्हणाले.

मी पुढच्या 'बास'ची वाट पाहिली. तो शब्द ते म्हणाले नाहीत. मग त्यांनी दोरी सोडली. पडदा पडला, तेव्हा स्टेजवर कुणीच नव्हतं.