भाकरीच्या शेडमधला पंखा

माझी थोरली जाऊ शेगडीसमोर चक्कर येऊन कोसळली, तेव्हाच मी ठरवलं की या शेडमध्ये वाऱ्याची सोय होणार म्हणजे होणार.

चाकणच्या कंपन्यांच्या मागच्या अंगाला आमची पत्र्याची शेड आहे. आम्ही दोघी जावा आणि चार-पाच बायका मिळून ठेकेदाराकडच्या कामगार पोरांच्या डब्यांसाठी भाकरी-चपात्या करतो. वरून पत्रा तापतो, खालून शेगड्या. उन्हाळ्यात अंगाची नुसती लाही लाही होते. पण छताचा पंखा लावायची सोय नाही. लावला की ज्योत आडवी पडते आणि पीठ डोळ्यांत जातं. म्हणून सगळ्या आपल्या पदरानं घाम पुसत थापत बसायच्या.

जाऊबाईंना दवाखान्यातून घरी आणल्यावर थोरले दीर म्हणाले, "आता बास झालं. हिला गावाकडं ठेवून येतो." जाऊबाई भिंतीकडं तोंड करून पडल्या. एरवी त्यांचं तोंड आणि हात दोन्ही थांबत नाहीत. दीर बाहेर गेल्यावर मला म्हणाल्या, "तिथं मला कोन इचारतंय गं? हितं पोरं माझी भाकरी मागून खातेत."

मी दिरांना म्हटलं, "एवढा उन्हाळा थांबा. शेड गार करून दाखवते." ते हसले. मला असं हसलेलं अजिबात खपत नाही.

नवऱ्याला घेऊन पिंपरीच्या दुकानात गेले. तिथं पंखे चालूच होते आणि जो तो पंख्यापुढं उभा राहून वारा खात होता. आमचे हे पण एका भल्यामोठ्या पंख्यासमोर डोळे मिटून उभे राहिले. म्हणाले, "हाच घेऊ, काय वारा आहे राव!" मी म्हटलं, "तुम्ही थापणार आहात का त्याच्यापुढं भाकरी?" आम्हाला वारा घालणारा नको होता, तापलेली हवा बाहेर फेकणारा एक्झॉस्ट हवा होता. दुकानदार तरी यांनाच विचारतोय, "साहेब, शेड केवढी?" हे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. मग लांबी, रुंदी, शेगड्या, सगळं मीच सांगितलं आणि पंखाही मीच निवडला.

वायरमननं तो दाराशेजारच्या झरोक्यात बसवला, कारण बोर्ड तिथंच होता. वायर वाचली म्हणून तो खूश. बटण दाबलं तर आवाज असा की बोललेलं ऐकू येईना, आणि शेगडीपाशी मात्र तीच भट्टी! दीर येऊन उभे राहिले, म्हणाले, "झालं समाधान?" माझ्या डोक्यात तिडीक गेली.

ते गेल्यावर देवापुढची उदबत्ती उचलली, पेटवली आणि हातात धरून शेडभर फिरले. बायका म्हणाल्या, हिला काय झालं आता! दाराशी धूर सरळ पंख्यातून बाहेर पळाला. शेगड्यांपाशी गेले तर धूर वर चढला, पत्र्याला टेकला आणि तिथंच लोंबत राहिला. दारातून येणारी चांगली हवा शेगड्यांपर्यंत पोचायच्या आधीच हा पंखा बाहेर हाकलत होता. म्हणजे इतका आटापिटा करून आम्ही दाराला वारा घालत होतो!

दुसऱ्या दिवशी वायरमनला पुन्हा बोलावलं. पंखा मागच्या भिंतीत, शेगड्यांच्या वर हवा होता. जागामालक धावत आला. "पत्रा कापायचा न्हाई. सांगून ठेवतो." मी म्हटलं, "शेड सोडताना नवा पत्रा बसवून देईन, पण हा आज कापणार." त्यानं आवाज चढवला, मी त्याच्यावर चढवला. शेवटी तो म्हणाला, "कापा बाई, पन वरडू नका." पत्रा कापला. हवा लांबच्या दारातूनच ओढली जावी म्हणून पंख्याजवळची खिडकी बंद केली आणि दार सताड उघडं ठेवलं. दारात उभी राहून पुन्हा उदबत्ती धरली. धूर दारापासून आत निघाला, बायकांच्या डोक्यांवरून सगळी शेड ओलांडून गेला आणि पंख्यातून बाहेर पडला. शेगडीची ज्योत सरळ उभी होती. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू.

डॉक्टरांना विचारून घेतलं. सकाळच्या गार वेळेत, मध्ये मध्ये बाहेर बसून, थोडं काम चालेल म्हणाले. तरी दीर जाऊबाईंना रिक्षातून घेऊन आले ते "नुसतं बघायचं आणि निघायचं" असं बजावूनच. रिक्षा त्यांनी दारात थांबवून ठेवली होती.

जाऊबाई जिथं पडल्या होत्या तिथंच येऊन उभ्या राहिल्या. वर बघितलं, ज्योतीकडं बघितलं. मी भाकरी थापत होते. दिरांनी हाक मारली, "चल आता."

जाऊबाईंनी पदर खोचला. "सरक गं," मला म्हणाल्या. "काठ बघ कसे फाटलेत. हे खायला घालतीस व्हय पोरान्ला?"

मी सरकले. त्यांनी हात ओला केला, पिठाचा गोळा घेतला आणि थापायला लागल्या. पहिली भाकरी तव्यावर पडलेली दिरांनी दारातून बघितली. मग बाहेर जाऊन रिक्षावाल्याला म्हणाले, "भाऊ, तू जा."